खारजमिनीतले मीठ आणि मिठामागचे सोडियम

रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग आणि पेण तालुक्यांच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यात, मे महिन्याच्या अखेरीस शेतात उतरले, तर पंजा आत जाईल एवढ्या रुंद भेगांनी जमीन तडकलेली दिसते आणि ढेकळांच्या कडांवर मिठाचा पांढरा थर आलेला असतो. जुलैमध्ये त्याच शेतात पोटरीभर चिखलात भाताची रोपे उभी असतात. माती तीच आणि जागाही तीच. मधल्या दीड महिन्यात पाऊस पडून गेलेला असतो एवढेच. यावरून पुष्कळांचा असा समज होतो की खारजमिनीचे दुखणे म्हणजे मीठ, आणि मीठ धुऊन निघाले की दुखणे संपले. हा समज अर्धाच खरा आहे. मीठ हे दिसणारे दुखणे आहे. न दिसणारे दुखणे म्हणजे चिकणमातीच्या कणांना धरून बसलेले सोडियम, आणि नुसते मीठ धुण्याची घाई केली तर तेच बळावते. खारजमीन सुधारताना कोणते काम आधी आणि कोणते नंतर, याला एवढे महत्त्व का असते ते यावरून कळते.

ही जमीन मुळात तयार कशी होते, तिथून सुरुवात करू. अंबा, पाताळगंगा, भोगावती, कुंडलिका या नद्या लांबीने लहान असल्या तरी पावसाळ्यात भरपूर गाळ घेऊन खाली येतात. त्यातली वाळू वाटेतच बसते. सर्वांत बारीक भाग, म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान कणांची चिकणमाती, तरंगत खाडीपर्यंत पोहोचते. गोड्या पाण्यात हे कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ते सहजासहजी तळाला जात नाहीत. खाडीत समुद्राचे पाणी मिसळले की दूध नासल्यावर जशा गुठळ्या होतात तशा त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या वजनाने खाली बसतात. म्हणजे नदीमुखाशी चिखल साचतो तोच मुळी मिठामुळे. त्या चिखलावर तिवरे उगवतात, त्यांच्या मुळांत आणखी गाळ अडकतो, आणि वर्षानुवर्षे जमीन इतकी वर येते की रोजची भरती तिच्यावर चढत नाही, फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी चढते. या टप्प्यावर माणसाने बांध घातला आणि आतल्या जमिनीत भात पेरला. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या जुन्या कागदपत्रांत अशा बांधून काढलेल्या जमिनींना ‘शिलोत्री’ म्हटलेले आढळते. गोव्यात त्यांना खाजन म्हणतात.

आता चिकणमातीच्या कणाकडे वळू, कारण सगळे रहस्य तिथे आहे. हा कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्रा असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. हा भार फेडण्यासाठी तो भोवतालच्या पाण्यातले धन भाराचे अणू, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, आपल्या अंगाशी धरून ठेवतो. कॅल्शियमवर दोन भार असतात. तो पापुद्र्यांना जवळ ओढून एकत्र बांधतो. सोडियमवर एकच भार असतो आणि त्याच्याभोवती पाण्याचे जाड वेष्टण असते, त्यामुळे तो पापुद्र्यांना जवळ येऊ देत नाही. पाणी मिळाले की ते फुगतात आणि एकमेकांपासून सुटून जातात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सोडियम सुमारे १०.८ ग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम ०.४ ग्रॅम असते. या पाण्यात जन्मलेल्या मातीच्या अंगावर सोडियम आणि मॅग्नेशियम यांचेच राज्य असणार, हे उघड आहे. त्यात रायगडकडची माती बेसॉल्टच्या काळ्या खडकापासून झालेली, म्हणजे फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जातीच्या चिकणमातीची. गोव्यातल्या खाजनांत जांभ्याच्या डोंगरांवरून आलेली माती जास्त असते. ती इतकी फुगत नाही.

मग मे महिन्यात ही माती भेगा पडलेली, घट्ट ढेकळांची का दिसते? त्या वेळी ढेकळांतल्या पाण्यात मीठ एवढे असते की सोडियम असूनही कण विखरत नाहीत. मीठ भरपूर आहे तोवर माती बांधलेली राहते. मीठ निघून गेले आणि सोडियम मागे राहिले की ती सुटते. हे घरी पाहता येते. खारजमिनीतले मुठीएवढे ढेकूळ घेऊन ते कुटून दोन काचेच्या पेल्यांत चमचा-चमचाभर घाला. एका पेल्यात पावसाचे साठवलेले पाणी ओता, ढवळा, मीठ विरघळले की वरचे पाणी काढून टाका आणि पुन्हा पावसाचे पाणी घाला. दोन-तीन वेळा असे धुतल्यावर हा पेला गढूळ होतो आणि दुसऱ्या दिवशीही गढूळच राहतो. ते गढूळपण म्हणजे सुटलेली चिकणमाती. दुसऱ्या पेल्यातली माती तशीच धुवा, पण शेवटच्या पाण्यात चिमूटभर जिप्समची, म्हणजे कॅल्शियम असलेल्या एका खनिजाची, भुकटी मिसळा. सकाळी या पेल्यात वर नितळ पाणी आणि खाली मातीचा भुसभुशीत थर दिसतो. शेतातही हेच होते, फरक एवढाच की तिथे सुटलेले कण मातीची छिद्रे बुजवतात, वरच्या थराची पापडी धरते, पाणी मुरणे थांबते, आणि पुढचा पाऊस कितीही पडला तरी खालचे मीठ खालीच राहते.

नेदरलँड्सच्या शेतकऱ्यांनी हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १९४४ मध्ये युद्धात वाल्खरेन बेटाचे बांध फोडले गेले आणि पुढे ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री वादळी समुद्राने झीलंडचे बांध तोडले. बांध जोडून पाणी बाहेर काढल्यावर जमीन सुरुवातीला वाईट दिसत नव्हती. पावसाने मीठ धुऊन नेल्यावर मात्र सोडियमने भरलेली चिकणमाती विरघळल्यासारखी झाली, विशेषतः जिथे ती ओली असताना नांगरली गेली तिथे. म्हणून तिथे जिप्सम मोठ्या प्रमाणावर टाकले गेले, आणि जमीन ओली असताना तिच्यात अवजार घालू नये हा नियम घालून दिला गेला. त्यांचा पाऊस वर्षभर थोडा-थोडा पडतो, आपला चार महिन्यांत कोसळतो. तरी कणांचे शास्त्र दोन्हीकडे एकच आहे.

मोजमापाचे दोन आकडे लक्षात ठेवले तर मातीपरीक्षणाचा अहवाल वाचता येतो. पहिला आकडा विद्युतवाहकतेचा, म्हणजे मातीच्या संपृक्त अर्कात विरघळलेले क्षार किती याचा. तो ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेला की जमीन क्षारयुक्त मानतात. समुद्राच्या पाण्याची वाहकता याच मापात साधारण ५० असते. दुसरा आकडा विनिमययोग्य सोडियमच्या टक्केवारीचा: कणांनी धरलेल्या एकूण धन भारांपैकी सोडियमचा वाटा १५ टक्क्यांहून जास्त असला तर माती विखरण्याचा धोका धरावा. पहिला आकडा ऋतूप्रमाणे झपाट्याने बदलतो, दुसरा फार सावकाश. खारजमिनीचा नमुना फक्त ऑगस्टमध्ये घेतला तर ती निरोगी वाटते आणि फक्त मेमध्ये घेतला तर असाध्य वाटते. दोन्ही वेळचे नमुने, वरच्या वितीतले आणि हातभर खोलीवरचे, हवेत. भाताच्या पिकाला साधारण ३ डेसीसायमनपर्यंत विशेष त्रास होत नाही, पण त्यापुढे दर एका एककाला उत्पादन जवळजवळ १२ टक्क्यांनी घटते. ६ वाहकतेच्या जमिनीत म्हणजे पिकाचा तिसरा हिस्सा गेला. यातही रोप कोवळे असताना आणि फुलोऱ्यात असताना भात सर्वांत नाजूक असतो. मोड येताना आणि फुटवे फुटताना तो मीठ बऱ्यापैकी सोसतो.

सुधारणेचे पहिले काम मातीत नसून बांधावर असते. बाहेरचे पाणी थांबल्याशिवाय आत केलेला कोणताही खर्च एका उधाणात वाया जातो. खारबांधाचा जीव उघाडीत असतो. उघाडी म्हणजे बांधातून पाणी बाहेर सोडणारी मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला बसवलेली झडप. भरती चढली की बाहेरचे पाणी झडप दाबून बंद करते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आत साठलेले पावसाचे पाणी तीच झडप लोटून बाहेर पडते. ना माणूस लागतो, ना इंजिन. पण झडपेत ओंडका अडकला, कब्जा गंजला किंवा चौकटीखालून पाणी झिरपू लागले, तर दर बारा-साडेबारा तासांनी थोडे खारे पाणी आत येत राहते, आणि ते कुणाच्या लक्षात येईपर्यंत कडेच्या शेतातली रोपे पिवळी पडलेली असतात. मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच दिवशी आले की बांधावर दोन्ही बाजूंनी दाब येतो. खांडी, म्हणजे बांधाला पडणारी भगदाडे, बहुतेक अशाच वेळी जातात. खेकड्यांची बिळे बांध पोखरतात, हेही कारण किरकोळ समजू नये. एकदा खांड जाऊन खारे पाणी आत पसरले की पुढची दोन-तीन वर्षे पीक धड येत नाही, असा खारेपाटातला अनुभव आहे.

बांध हे एकट्या शेतकऱ्याचे काम कधीच नव्हते. ज्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांविरुद्ध संप केला, ते गाव याच खारेपाटातले. पाण्याशी झुंजून शेत राखणाऱ्याला पिकाचा वाजवी वाटाही मिळू नये, हा तिथल्या संतापाचा गाभा होता. स्वातंत्र्यानंतर बांधांची जबाबदारी हळूहळू शासनाकडे आली आणि १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम झाला. माझ्या मते यात एक गोष्ट निसटली: बांधावर रोज फिरणाऱ्या माणसाचा डोळा. पावसाळ्याआधी टोपलीभर मातीने बुजणारे भोक सरकारी अंदाजपत्रकाची वाट पाहत खांड होऊन बसते. गोव्यात हे काम गांवकऱ्यांकडे होते. तिथे बांधातल्या झडपेला मानस आणि तिच्या आतल्या तळ्याला पोंय म्हणतात. मानसेवर मासे पकडण्याच्या हक्काचा लिलाव होत असे आणि बांधाची डागडुजीही गावच पाहत असे. तेच हक्क पुढे भाताशी संबंध नसलेल्यांच्या हाती गेले, तेव्हा कोळंबीसाठी मानस उघडी ठेवून खारे पाणी आत घेण्याचे प्रकार सुरू झाले आणि सुमारे १८ हजार हेक्टर खाजनांपैकी बरीचशी भाताला मुकली.

बांधाच्या आतल्या नव्या चिखलाला ‘पिकू’ द्यावे लागते. मृदाशास्त्रात हा शब्द खरोखरच याच अर्थाने वापरतात. ताजा खाजणी चिखल मुठीत धरून आवळला तर तो बोटांच्या फटींतून लोण्यासारखा निसटतो. पाणी निघून जाऊन तो आकसतो, भेगा पडतात, हवा आत शिरते, आणि मग मुठीत आवळला तरी तो निसटत नाही. हे आकसणे कायमचे असते. ओला केला तरी चिखल पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. त्याचा एक तोटाही आहे. आतली जमीन आकसून खाली बसते आणि बांधाबाहेर गाळ साचत राहून तिथली पातळी वर येते, म्हणून जुन्या खारांची आतली जमीन बाहेरच्या चिखलापेक्षा खोलगट असते आणि उघाडीतून पाणी बाहेर पडायला ओहोटीचा कमी वेळ मिळतो. शिवाय काही ठिकाणच्या खाजणी मातीत लोह आणि गंधकाचे खनिज दडलेले असते; पाण्याखाली ते निरुपद्रवी असते, पण हवा लागली की त्यातून गंधकाम्ल तयार होते आणि मातीचा सामू (pH) ४ च्याही खाली जातो. केरळात कुट्टनाडच्या ‘करी’ जमिनींचे दुखणे हेच आहे. अशा ठिकाणी जमीन पूर्ण कोरडी करणे हाच अपराध ठरतो. तिथे पाण्याची पातळी धरून ठेवावी लागते आणि चुना घालावा लागतो.

आता धुण्याकडे. पुस्तकात नियम असतो की जेवढ्या खोलीची माती धुवायची तेवढ्याच उंचीचे पाणी तिच्यातून पार गेले, तर सुमारे ८० टक्के मीठ निघते. कोकणात २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पाण्याला तोटा नाही. अडचण ‘पार जाण्या’ची आहे. या चिकणमातीतून पाणी दिवसाला काही मिलिमीटरच्या वर खाली जात नाही, आणि खाली गेले तरी पुढे जायला वाट नसते, कारण हातभर खोलीवर भूजल असते आणि तेही खारे. म्हणून इथले शेतकरी उभ्या धुण्यापेक्षा आडव्या धुण्यावर भर देतात. पहिल्या पावसाने वरचा पांढरा थर विरघळला की ते पाणी शेतात न अडवता ओहोटीला उघाडीतून सोडून देतात. मग पाणी अडवतात, चिखलणी करतात. ढवळल्यामुळे ढेकळांतले मीठ वरच्या पाण्यात उतरते, दोन-चार दिवसांनी तेही पाणी सोडतात आणि नवे पावसाचे पाणी घेतात. मोड आलेले भात चिखलावर फेकण्याची ‘रहू’ पद्धत याच्याशीच जुळलेली आहे, कारण मोड येण्याच्या अवस्थेत भात मीठ सोसतो. स्पेनमध्ये ग्वादलक्विवीर नदीच्या मुखाजवळच्या दलदलीत पाऊस फार कमी असल्यामुळे हा मार्ग पुरेसा नव्हता. तिथे मीटरभर खोलीवर, दर १० मीटरवर सच्छिद्र नळ्या पुरून खारे पाणी बाहेर काढावे लागले. इतक्या दाट नळ्यांचा खर्च भाताला परवडणारा नाही, पण चिकणमातीत निचऱ्याची वाट किती जवळजवळ लागते याची त्यावरून कल्पना यावी.

मग जिप्सम कधी? भातासाठी चिखलणी करून आपण मातीची घडण स्वतःच मोडतो, म्हणून कण विखुरले तरी भाताचे फारसे अडत नाही. या जमिनींत पिढ्यान्‌पिढ्या भातच का घेतले गेले, याचे हे एक मोठे कारण आहे. पण भातामागे वाल, वांगी किंवा आणखी काही कोरडवाहू घ्यायचे असेल तर मुळांना हवा हवी, आणि हवेसाठी कॅल्शियम हवे. हिशोब अवघड नाही. समजा १०० ग्रॅम माती ४० मिलिइक्विव्हॅलंट (हे भार मोजण्याचे एकक) भार धरते आणि त्यात सोडियमचा वाटा २५ टक्के आहे; तो १० टक्क्यांवर आणायचा तर ६ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हलवावे लागेल. वरच्या १५ सेंटिमीटर थरासाठी दर मिलिइक्विव्हॅलंटला हेक्टरी सुमारे १.९ टन शुद्ध जिप्सम लागते, म्हणजे एकूण साडेअकरा टनांच्या आसपास. एक टन जिप्सम विरघळायला हेक्टरभर शेतावर सुमारे ४० मिलिमीटर पाणी लागते. एवढ्या जिप्समला ४६० मिलिमीटर. ते पाणी आपल्याकडे एकटा जुलै देतो. हा खर्च दोन-तीन वर्षांत वाटून घेता येतो. पण पहिल्या एक-दोन सरींचे खारे पाणी बाहेर गेल्यावर जिप्सम वरच्या थरात मिसळावे आणि मग पाणी अडवावे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे दोन वर्षे नुसते धुऊन तिसऱ्या वर्षी जिप्सम टाकले, तर तोवर बुजलेल्या छिद्रांतून ते खाली उतरतच नाही.

जिप्सम विकत घेण्याआधी आणखी एक तपासणी करावी. बऱ्याच खारांत शिंपल्यांचा चुरा मातीत मिसळलेला असतो, म्हणजे चुनखडीच्या रूपात कॅल्शियम आधीच हजर असते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब मातीवर टाकल्यावर ती फसफसली, तर चुनखडी आहे. ती पाण्यात सहज विरघळत नाही, पण ताग किंवा धैंचा गाडल्यावर त्याच्या कुजण्यातून आणि भाताच्या मुळांतून जो कार्बन डायॉक्साइड निघतो त्याने ती हळूहळू विरघळते आणि तिच्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. अशा जमिनीत हिरवळीच्या खतावर पैसे घालणे शहाणपणाचे. बियाण्याचेही तसेच. काळा रता, भुरा रता या कोकणातल्या जुन्या जाती मिठाला टिकतात म्हणूनच इथे राहिल्या, आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ या सुधारित जाती दिल्या. जात मीठ सोसते, माती सुधारत नाही. पण माती सुधारेपर्यंत घरात भात येत राहतो.

भातानंतर ऑक्टोबरपासून उलटा प्रवास सुरू होतो. ऊन वाढते, वरचा थर सुकतो आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे खालचे खारे पाणी बारीक छिद्रांतून वर चढते; पाणी उडून जाते, मीठ वर राहते. ही वात तोडणे हे उन्हाळ्यातले खरे काम. कापणीनंतरचा पेंढा न जाळता जमिनीवर पसरला तर बाष्पीभवन कमी होते. जमीन वाफशावर असताना, म्हणजे ती अवजाराला चिकटत नाही आणि दगडही झालेली नसते अशा चार-आठ दिवसांत, उथळ नांगरट केली तर छिद्रांची सलगता तुटते. शेताच्या एका कोपऱ्यात तळे खणून पावसाचे गोडे पाणी धरले तर हिवाळी पिकाला त्यातून ओलावा देता येतो, आणि खणलेल्या मातीने बाजूची जमीन फूट-दीड फूट उंच होऊन खाऱ्या भूजलापासून दूर जाते. खारेपाटात अशा तळ्यांत जिताडा पाळतात, त्याचे उत्पन्न पुष्कळदा भातापेक्षा जास्त असते.

सोडून दिलेल्या खारात सर्वांत आधी मोरस ही खाऱ्या जमिनीतली वनस्पती येते, मग तिवरे. खांड चार-पाच वर्षे उघडी राहिली की शेतावर कांदळवन उभे राहते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर ते तोडता येत नाही. कांदळवनाला हे संरक्षण हवेच, कारण बांधापुढची तिवरे लाटांचा जोर मोडतात आणि बांध टिकवतात. पण सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर जंगल अशा अवस्थेत अडकलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न मातीच्या प्रयोगशाळेत सुटणारा नाही. त्याची सुरुवात वेळेवर न बांधलेल्या एका खांडीपासून झालेली असते. म्हणून एप्रिलच्या उधाणाला, भरती पूर्ण चढलेली असताना, बांधाच्या आतल्या बाजूने उघाडीपाशी जाऊन उभे राहावे आणि झडपेच्या कडेने पाणी आत झिरपते का ते पाहावे. झिरपत असेल तर पाऊस लागायला अजून दोन महिने हातात असतात.